आगकाड्यांची मौज आणि दादासाहेब फाळके

दादासाहेब फाळके हे नाव आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. परंतु ते ठाऊक आहे एका पुरस्काराचे नाव म्हणून. अधूनमधून वर्तमानपत्रात एखाद्या वयोवृद्ध कलावंताचे छायाचित्र येते, त्याखाली फाळके पुरस्काराची बातमी असते आणि आपण पान उलटतो. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला एक ओळ आलेली आहे. पहिला भारतीय कथापट 'राजा हरिश्चंद्र', सन १९१३. ही ओळ पाठ झाली की आपले काम झाले. पुरस्कारामागचा माणूस मात्र दूरच राहतो.

त्या माणसाची ओळख या लेखातून करून द्यावी असा माझा मानस आहे. पण त्यासाठी मी 'राजा हरिश्चंद्र'चा आधार घेणार नाही. फाळक्यांनी १९१५ साली एक अगदी छोटा चित्रपट काढला होता. त्याचे नाव 'आगकाड्यांची मौज'. त्यात राजा नव्हता, राणी नव्हती, देवही नव्हते. काडेपेटीतल्या काड्या पडद्यावर आपणहून हालचाल करतात, एवढाच त्याचा विषय. ज्याला आज आपण अ‍ॅनिमेशन म्हणतो त्या कलेचे आपल्या देशातील अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी हे एक उदाहरण होय. हा चित्रपट आज उपलब्ध नाही. काळाच्या ओघात तो नाहीसा झाला. मग जो चित्रपट पाहता येत नाही त्याच्यावर लिहायचे तरी काय, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर असे की, फाळक्यांचे सारे आयुष्य त्या काडेपेटीत मावते. ते कसे, हेच सांगायचे आहे.

आपल्या स्टेशनावरून मुंबईकडे जाणारी गाडी भुसावळ, मनमाड करीत नाशिकरोडला पोहोचते. तेथून पुढे त्र्यंबकेश्वर. ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या या तीर्थक्षेत्री ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे गाढे विद्वान. पुराणे, महाकाव्ये, व्रतवैकल्ये यांनी भरलेले घर. पुढे दाजीशास्त्रींना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईस आले. शास्त्र्याच्या मुलाने शास्त्री व्हावे, हा त्या काळचा सरळ मार्ग. परंतु या मुलाचे चित्त पोथीतील श्लोकांपेक्षा त्या श्लोकांतून उभ्या राहणाऱ्या चित्रांत अधिक गुंतलेले होते. १८८५ मध्ये तो जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्याने चित्रकला, मूर्तिकला आणि छायाचित्रण यांचे शिक्षण घेतले. कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक गज्जर यांनी त्याची ओढ ओळखून त्याला रतलामला ठसे तयार करण्याचे आणि रंगीत छपाईचे तंत्र शिकण्यास पाठविले.

यानंतरची वीस वर्षे पाहिली तर एखाद्या धंद्यात स्थिर न होणाऱ्या माणसाची ती कहाणी वाटेल. गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ काढला. तेथे प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दोघेही गेले. फोटो काढल्याने माणसाचे आयुष्य कमी होते अशी समजूत लोकांत होती, त्यामुळे बडोद्यातही धंदा जमेना. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. एका परदेशी जादूगाराकडून जादूचे प्रयोग शिकून घेतले आणि स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने ते लोकांना करून दाखविले. १९०३ मध्ये पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार आणि नकाशाकार म्हणून सरकारी नोकरी धरली. स्वदेशीच्या वातावरणात तीही सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला, रविवर्म्याच्या देवदेवतांच्या चित्रांच्या छपाईचे काम केले. छापखाना नंतर दादरला आला. १९०९ मध्ये यंत्रसामग्रीसाठी जर्मनीची वारी झाली. भागीदारांशी पटले नाही तेव्हा त्या भरभराटीतल्या छापखान्यावरही त्यांनी पाणी सोडले.

घरच्या मंडळींना या धरसोडीचा केवढा त्रास झाला असेल याची कल्पना आपण करू शकतो. पण आज मागे वळून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. पडदे रंगविणे, ठसे बनविणे, जादू, छायाचित्रण, छपाई या साऱ्या उद्योगांत एकच सूत्र आहे. जे तेथे नाही ते आहे असे पाहणाऱ्याला वाटले पाहिजे, आणि तसे वाटावे म्हणून हाताने बारीक, चिकाटीचे काम केले पाहिजे. फाळक्यांची ही वीस वर्षे उमेदवारीत गेली. कोणत्या विद्येची उमेदवारी, हे मात्र त्यांनाही अजून कळलेले नव्हते.

ते कळले एप्रिल १९११ मध्ये. शेगावच्या हिशेबाने सांगायचे तर ८ सप्टेंबर १९१० रोजी श्रीगजानन महाराजांनी समाधी घेतली, त्यानंतर सात महिन्यांनी. ईस्टरच्या दिवसांत मुंबईच्या गिरगावात एका तंबूवजा चित्रगृहात फाळके आपल्या मुलाला घेऊन गेले. पडद्यावर जनावरे हलताना पाहून मुलगा थक्क झाला. दुसऱ्या खेपेस सरस्वतीबाईही बरोबर होत्या आणि पडद्यावर येशू ख्रिस्ताचे चरित्र होते. या सरस्वतीबाई म्हणजे फाळक्यांच्या द्वितीय पत्नी. १९०२ मध्ये त्यांचा विवाह झाला होता. ख्रिस्ताच्या जागी फाळक्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले. आपल्या कथा आपल्या माणसांनी आपल्या देशात अशाच हलत्या चित्रांतून सांगितल्या पाहिजेत, हा ध्यास त्या दिवशी त्यांना लागला. वय चाळिशीचे, हाती पैसा नाही, धंदा नाही.

मग सुरू झाला अभ्यास. रोज संध्याकाळी मिळेल तो चित्रपट पाहायचा आणि रात्री घरी प्रयोग करीत बसायचे. झोप तुटली, डोळ्यांवर ताण आला आणि काही काळ दृष्टीच गेली. औषधोपचाराने ती परत आली. विमा पॉलिसी गहाण टाकून दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके लंडनला निघाले. तेथे सिसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी काम पाहिले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणि कच्च्या फिल्मची मागणी एवढे पदरात पाडून दोन महिन्यांत परत आले.

आता भांडवल हवे होते. ज्याने आयुष्यात देशी चित्रपट पाहिला नाही तो सावकार अशा कामात पैसा का घालील? येथे फाळक्यांनी जे केले ते मला त्यांच्या साऱ्या आयुष्यातील सर्वांत सुंदर कृत्य वाटते. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर मांडला आणि महिनाभर, दिवसामागून दिवस, चौकटीमागून चौकट त्याचे चित्र टिपले. कोंब फुटला, पाने आली, वेल वर चढला. महिन्याभराची ही वाढ पडद्यावर बघता बघता उलगडली. 'अंकुराची वाढ' नावाच्या त्या लहानशा पट्टीने कर्जाचा प्रश्न सुटला. ज्या देशात पुढे हजारो चित्रपट निघाले, त्यातल्या पहिल्या चित्रपटकाराचा पहिला नट वाटाण्याचा दाणा होता, हे आपण विसरता कामा नये.

'राजा हरिश्चंद्र'ची हकीकत अनेकदा सांगितली गेली आहे. म्हणून ती थोडक्यात सांगतो. दादरच्या राहत्या जागेतच स्टुडिओ झाला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला घेतले. दाबके हरिश्चंद्र झाले आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात चित्रपट लोकांपुढे आला.

मात्र या हकीकतीत एका व्यक्तीला नेहमी कमी जागा मिळते, ती आपण येथे देऊ. सरस्वतीबाई दिवसा साठसत्तर माणसांचा स्वयंपाक करीत. उन्हात चित्रण चाले तेव्हा प्रकाश परतविण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत. आणि रात्री, सारे निजल्यावर, अंधाऱ्या खोलीत बसून त्या कोऱ्या फिल्मला भोके पाडीत. फिल्म त्या वेळी भोकांशिवाय येत असे. प्रत्येक चौकटीच्या दोन्ही बाजूंना चार चार भोके. त्यांतले एक जरी वाकडे पडले तर चित्र थरथरणार. फिल्म धुण्याची रसायने मिसळणेही त्या शिकल्या. त्यांचे दागिने चित्रपटाच्या कामी लागले ते वेगळेच. भारतीय चित्रपटाचा जनक कोण, हे आपण पाठ केले आहे. एक फूट फिल्ममध्ये सोळा चौकटी असतात, म्हणजे एका फुटाला एकशेअठ्ठावीस भोके. ती रात्री जागून कोणी पाडली, हा प्रश्न कोणत्याही परीक्षेत येत नाही.

चौकटींचा हिशेब फाळक्यांच्या डोक्यात किती भिनलेला होता याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. सुरतेला 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा पहिल्या दिवशी जेमतेम तीन रुपयांचा गल्ला जमला. लोकांचे म्हणणे सरळ होते. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहायला मिळत असताना तासाभराच्या खेळाला जास्त पैसे का द्यावेत? फाळक्यांनी तिकीट स्वस्त केले नाही की खेळ लांबविला नाही. त्यांनी जाहिरात बदलली. तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र पाहा, असे त्यांनी लोकांना सांगितले, आणि गर्दी लोटली. आता चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट. मैलात ५,२८० फूट असतात, तेव्हा ते दोन मैल म्हणजे जादूगाराची भाषा झाली. परंतु ३,७०० ला सोळाने गुणून पाहा. ५९,२०० येतात. छायाचित्रांच्या आकड्यात मात्र त्यांनी फुगवटा केलेला नव्हता. बाकीचे चित्रपटवाले गोष्ट विकत होते, नट विकत होते; हा माणूस चौकटी मोजून विकत होता.

यानंतर फाळके नाशिकला आले. 'मोहिनी भस्मासुर' निघाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले आणि स्त्री पडद्यावर आली. 'सत्यवान सावित्री' झाला. १९१४ मध्ये आपले चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तेथे कौतुक झाले. परंतु त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. भांडवलदारांनी हात आखडता घेतला. कच्ची फिल्म परदेशातून यायची, तीही दुर्मीळ आणि महाग झाली. पगारी माणसे अंगावर होती. मोठी पौराणिक कथा उभी करणे अशक्य होते.

अशा वेळी, १९१५ मध्ये, 'आगकाड्यांची मौज' निघाली. ज्याला राजवाडा परवडत नाही त्याने काडेपेटी उघडली. त्या काळी आपल्याकडच्या बहुतेक आगकाड्या स्वीडन-जपानहून येत. कॅमेरा विलायती, फिल्म विलायती, काड्याही बहुधा विलायती. चिकाटी तेवढी स्वदेशी होती.

या कामात चिकाटी किती लागते हे पाहावे म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझ्या दोन वर्गमित्रांनी एक प्रयोग केला. टेबलावर काळा कागद पसरला. पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर पट्टी ठेवून तिच्यावर मोबाइल उलटा बसविला. आठ काड्यांचा एक माणूस केला. दोन पायांना, दोन हातांना, दोन धडाला, दोन मुंडाशाला. या माणसाने कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावे, एवढीच आमची महत्त्वाकांक्षा. एक पाय गव्हाच्या दाण्याएवढा सरकवायचा, हात बाजूला घ्यायचा, फोटो काढायचा. पुन्हा सरकवायचे, पुन्हा फोटो. पंखा बंद, कारण वाऱ्याने काड्या हलतात. बोलणे बंद, कारण हसण्यानेही हलतात. चाळीसएक फोटो झाले तोवर खिडकीतून येणारे ऊन एका गजावरून दुसऱ्यावर गेले होते. दोन तासांत एकशेवीस फोटो निघाले आणि त्यांचा दहा सेकंदांचा चित्रपट झाला.

ते दहा सेकंद पाहताना आम्ही तिघेही एकदम गप्प झालो. काडीचा माणूस चालला. जरा लंगडत चालला, पण चालला. आम्हीच त्याला हलविले होते, प्रत्येक खेपेस बोटाने ढकलले होते, तरी तो आपणहून चालत आहे असेच वाटले. आणि तेव्हा मला फाळक्यांच्या कामातला खरा अवघडपणा जाणवला. आम्ही प्रत्येक फोटो लगेच पाहू शकत होतो. फाळक्यांना ते शक्य नव्हते. त्यांच्या कॅमेऱ्याला हाताने फिरवायची मूठ होती. एरवी चित्रण करताना ती एकसारखी फिरवीत गेले की झाले. येथे मात्र एक चौकट घ्यायची, थांबायचे, काड्या हलवायच्या, पुन्हा एक चौकट. साराच वेळ अंदाजाने काम. फिल्म धुऊन, वाळवून यंत्रावर चढविल्यावरच काड्या नाचल्या की नुसत्या थरथरल्या ते कळणार. मधल्या साऱ्या वेळात चित्रपट कोठेच नसतो. तो फक्त करणाऱ्याच्या मनात असतो.

काडीतून चमत्कार ही कल्पना आपल्या गावाला काही नवी नाही. पारायणात गजानन विजय ऐकतच आपण मोठे झालो. जानकीराम सोनाराने विस्तव नाकारला आणि बंकटलालाने महाराजांच्या चिलमीवर नुसती काडी धरताच ती विस्तवाविना पेटली, ही कथा येथे लहान मुलालाही ठाऊक आहे. ती श्रद्धेची गोष्ट आहे. तिची तुलना पडद्यावरच्या खेळाशी करण्याचा माझा हेतू नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, ज्या समाजाने असल्या कथा कानांनी ऐकल्या होत्या आणि मनाने पाहिल्या होत्या, त्या समाजापुढे फाळके आपला पडदा घेऊन उभे राहिले. हा प्रेक्षक अडाणी नव्हता. पाहण्याची त्याची तयारी पिढ्यान्‌पिढ्या झालेली होती.

म्हणूनच १९१७ मध्ये 'लंका दहन' आला तेव्हा लोकांनी तो डोक्यावर घेतला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंक्यांनीच केल्या होत्या. पडद्यावर राम प्रकट झाला की प्रेक्षक पादत्राणे काढून हात जोडीत. मुंबईत सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालत, आणि मद्रासला जमलेल्या नाण्यांची पोती बैलगाडीतून पोलिस पहाऱ्यात न्यावी लागली असे सांगतात. पुढच्या वर्षी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली आणि 'श्रीकृष्ण जन्म' व 'कालिया मर्दन' हे चित्रपट निघाले.

१९१९ सालच्या 'कालिया मर्दन'चा बराचसा भाग सुदैवाने शिल्लक आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने, विशेषतः पी. के. नायर यांनी, असे जुने तुकडे शोधून जपण्यात आयुष्य घालविले. त्यांच्यामुळेच आपण तो पाहू शकतो. बालकृष्णाची भूमिका फाळक्यांची सुमारे सात वर्षांची मुलगी मंदाकिनी हिने केली आहे. चित्रपटाची सुरुवातच विलक्षण आहे. गोष्ट सुरू होण्यापूर्वी फाळके आपल्याला मंदाकिनीचा नुसता चेहरा दाखवितात. ती हसते, रुसते, रागावते. मग पाहता पाहता त्या मुलीच्या जागी मोरपीस ल्यालेला कृष्ण उभा राहतो. जादूगार जसा आधी आपले रिकामे हात दाखवितो, तसे फाळके आधी सांगून टाकतात की ही माझी मुलगी आहे, हा खेळ आहे. आणि तरीही पुढे आपण कृष्णच पाहतो.

हा चित्रपट मी घरी मोबाइलवर आजीला आणि माझ्या दोन लहान चुलत भावंडांना दाखविला. या मुलांनी जपानी आणि अमेरिकन कार्टून इतकी पाहिली आहेत की, चित्रातले प्राणी बोलले नाहीत तर त्यांना नवल वाटते. सुरुवातीला ती कंटाळली. रंग नाही, आवाज नाही. पण कृष्णाच्या खोड्या सुरू झाल्या तशी ती जवळ सरकली. पुढे कृष्ण डोहात उडी घेतो, पाण्याखाली त्या अजस्र नागाशी झुंजतो. नाग बनविलेला आहे हे मुलांनी तात्काळ ओळखले आणि तसे बोलूनही दाखविले. पण ओळखल्यानंतरही ती उठून गेली नाहीत. आजी मात्र नागाकडे पाहतच नव्हती. काठावर आकांत करणारी यशोदा आणि गोकुळातली माणसे यांच्याकडे तिचे लक्ष होते. पोर पाण्यात आहे आणि आई काठावर आहे. तिला एवढेच पुरेसे होते.

शंभर वर्षांपूर्वीचे हे अद्भुत आजही आपल्याला का धरून ठेवते, याचे उत्तर मला त्या दुपारी मिळाले. मुलांना युक्ती कळली होती, तरी गंमत उणावली नाही. आजीला युक्तीशी कर्तव्यच नव्हते. फाळक्यांनी दोघांचीही सोय करून ठेवली आहे. नाग कागदा-कापडाचा असला तरी चालेल. काठावरची आई खरी पाहिजे, हे त्यांना समजले होते. नंतरच्या यंत्रांनी नाग कितीतरी खरा केला. त्या भानगडीत काठावरच्या आईकडे दुर्लक्ष झाले की चित्रपट फुकट जातो, हे आपण आजही पाहतो.

फाळक्यांचे उत्तरायुष्य मात्र सुखाचे नाही. भागीदारांशी मतभेद होऊन १९१९ मध्ये ते कंपनी सोडून काशीला गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. १९२२ मध्ये परत येऊन पुन्हा कंपनीत काम केले, पण पूर्वीचा रंग चढला नाही. १९३१ मध्ये बोलपट आला आणि मूकपटाचा बाजार उठला. 'सेतुबंधन' मुका म्हणून निघाला आणि त्याला मागाहून आवाज द्यावा लागला. सदुसष्टाव्या वर्षी, १९३७ मध्ये, कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' हा आपला एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट पूर्ण केला. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत डिस्नेने 'स्नो व्हाइट' हा पूर्ण लांबीचा चित्रांकित चित्रपट लोकांपुढे आणला. तेथे शेकडो चित्रकारांचा कारखाना एका कल्पनेसाठी राबत होता. इकडे बावीस वर्षांपूर्वी एकट्याने काड्या हलविणारा माणूस नाशिकला परतत होता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

त्यांनी लावलेले ते रोप नंतर अगदीच वाळले असे नाही. प्रभातने १९३४ मध्ये 'जंबू काका' हा व्यंगचित्रपट काढला. १९५६ मध्ये सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला. १९७४ चा 'एक अनेक और एकता' आपल्या आईवडिलांच्या पिढीने दूरदर्शनवर पाहिला. तो विजया मुळे यांचा. पण जेथून हे सारे सुरू झाले ती काड्यांची फिल्म कोणी जपली नाही. जुनी नायट्रेटची फिल्म लवकर पेट घेते, दमटपणात तिची भुकटी होते, आणि तिच्यातल्या चांदीसाठी ती मोडीतही काढली जाई. त्या काळच्या बहुतेक मूकपटांची हीच गत झाली. मोठ्या चित्रपटांचे निदान तुकडे तरी शोधले गेले. काड्यांच्या खेळात जपण्यासारखे काय आहे, असे वाटले असल्यास नवल नाही.

१९६९ मध्ये फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला, १९७१ मध्ये त्यांचे तिकीट निघाले, नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, दादरचा रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो. २००९ मध्ये परेश मोकाशी यांनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' काढून त्यांना पुन्हा हसतेखेळते केले. हे सारे योग्यच झाले. परंतु फाळके म्हणजे फक्त पहिलेपणाचा मान, एवढेच जर आपण लक्षात ठेवले तर आपल्यासारख्या लहान गावच्या विद्यार्थ्यांना त्यांचा काही उपयोग नाही. पहिला मान एकदाच मिळतो आणि तो १९१३ मध्ये दिला गेला आहे.

वाटाणा, कुंडी, काडेपेटी आणि महिनाभराचा धीर या गोष्टी मात्र अजून कोणालाही घेता येतात. काडेपेटी शेगावच्या कोणत्याही किराणा दुकानात मिळते. आमच्या दहा सेकंदांच्या काडी-माणसाला आता दुसरे टोक गाठून परत यायचे आहे, वाटेत त्याला एक काडी-बैल भेटायचा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणाला हातभार लावायचा असल्यास त्याने यावे. पंखा बंद ठेवण्याची तयारी मात्र हवी.